बिटाचा रंग बामच्या तळाशीच का बसतो?

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर घरी केलेल्या लिप बामबद्दल एक तक्रार हमखास कानावर येते. फक्त करणारी व्यक्ती बदलते. बिटाचा रस काढला, गाळला, खोबरेल तेल आणि मधमाशीचं मेण वितळवून त्यात ओतला, हात दुखेपर्यंत ढवळला, डबीत भरला. गार झाल्यावर बघते तर वर पिवळट पांढरा थर आणि तळाशी लाल पाण्याचे थेंब. बोट फिरवलं की ओठ तुपकट होतात आणि रंग बोटाला लागतो. पुढे काही दिवसांनी डबी उघडली तर कडेने हिरवट-काळे ठिपके. मग ठरतं, की घरची प्रसाधनं टिकत नाहीत, नैसर्गिक वगैरे सगळं बोलण्यापुरतं.

टिकतात की. दुकानातल्या लिपस्टिकसारखा गच्च रंग येणार नाही, ते आधीच मान्य करू. पण घरी करायच्या सगळ्या प्रसाधनांत लिप बाम सगळ्यात सोपा, कारण त्यात पाणी नसतं. पाणी नाही म्हणून बुरशी नाही, बुरशी नाही म्हणून टिकवायला वेगळं रसायन नको. आणि आपण मोठ्या हौसेने तेच पाणी त्यात घालतो: बिटाच्या रसातून, मधातून, कोरफडीच्या गरातून, नीट न पुसलेल्या वाटीतून. तक्रारींचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा शेवटी पाणीच सापडतं. उरलेल्या वजनाच्या आणि गार करण्याच्या भानगडी असतात, त्यांच्याकडे नंतर येते.

आधी दोन वाट्यांची परीक्षा

कोणताही रंग बाममध्ये घालण्याआधी दोन वाट्या घ्या. एकीत कोमट पाणी, दुसरीत कोमट तेल. दोन्हींत त्या रंगाची चिमूट टाका आणि अर्धा तास झाकून ठेवा. पाणी रंगलं आणि तेल जसंच्या तसं राहिलं, तर तो रंग बामच्या कामाचा नाही. कितीही महागाची पावडर असो, कितीही ‘सेंद्रिय’ असो.

जेवताना ही परीक्षा आपण नेहमी बघतो, फक्त लक्ष देत नाही. मिसळीची तर्री लालभडक तेलासकट वर येते, कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो. बिटाच्या कोशिंबिरीत उलट होतं. दही बघता बघता गुलाबी होतं आणि वरून ओतलेली हिंग-हळदीची फोडणी पिवळीच्या पिवळी राहते. बीट, जास्वंद, डाळिंब, जांभूळ, कोकमाची सालं हे सगळे पाण्याच्या बाजूचे. रतनजोतीची मुळी, शेंदरीच्या बिया, हळद, गाजर हे तेलाच्या बाजूचे. मिरचीही तेलाचीच, पण ती ओठाला लावू नका हे सांगायला नको. कोकमाची तर गंमतच आहे: सालीचा रंग पाण्याकडे पळतो आणि बी फोडली की त्यातून बामला लागणारं उत्तम तेल निघतं.

बिटाच्या रंगाचं नाव बीटानिन. त्याच्या रेणूला साखर जोडलेली असते, त्यामुळे तो पाण्यात चटकन विरघळतो आणि तेलाकडे ढुंकून बघत नाही. शिवाय उष्णता, उजेड आणि हवा ही तिन्ही त्याला सोसत नाहीत. वितळलेल्या गरम मेणात रस ओतला की रंग तपकिरीकडे झुकायला तिथेच सुरुवात होते.

‘मग मिक्सरमधून फिरवलं तर?’ हा पुढचा प्रश्न. फिरवल्यावर सगळं छान गुलाबी एकजीव दिसतं, फोटोही सुंदर येतो. पण हे पाण्याचे बारीक थेंब तेलात अडकलेले असतात, विरघळलेले नसतात. ते हळूहळू एकमेकांना भेटतात आणि पुन्हा तळाशी जातात. आणि समजा एखादा पदार्थ घालून त्यांना कायमचं धरून ठेवलंच, तर तो बाम राहिला नाही, ती क्रीम झाली. क्रीममध्ये पाणी आलं म्हणजे बुरशीचा बंदोबस्त आला. तो घरी अंदाजपंचे करायचा विषय नव्हे.

बिटाची वाळवलेली पावडर थेट तेलात घालणारेही आहेत. ती विरघळत नाही, फक्त तरंगते. ओठांवर कचकच लागते, आणि ओठांच्या ओलाव्याने जिथे भिजते तिथे गडद डाग पडतो, बाकी ओठ कोरेच. मला हा प्रकार पटत नाही.

बिटाचाच हट्ट असेल तर त्याला बाममध्ये घालूच नका, वेगळा ठेवा. पूर्ण वाळलेली बिटाची बारीक पावडर एक भाग आणि ग्लिसरीन चार भाग, झाकून रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तलम कापडातून गाळायचं. हवं तर सायट्रिक आम्लाची अगदी बारीक चिमूट. थोड्या आंबटपणात हा रंग जास्त तग धरतो. खाण्याचा सोडा मात्र लागू देऊ नका, रंगाची वाट लागते. हे ग्लिसरीन बोटाच्या टोकाने ओठांवर लावायचं, थोडं मुरू द्यायचं आणि वरून बिनरंगी बाम. बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि थोडंथोडंच करा. थोडं चिकट लागतं, पण बिटाचा खरा गुलाबी रंग याच मार्गाने ओठांवर येतो. लिंबाचा रस घालायचा मोह टाळा. लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात, आणि ते उतरायला फार वेळ घेतात.

तेलात उतरणारा लाल रंग

बामसाठी खरा उपयोगी लाल रंग रतनजोतीचा. काश्मिरी रोगन जोशला जो लाल तवंग येतो, त्यात परंपरेने हीच मुळी असते. काही केशतेलांच्या लाल रंगामागेही तीच. काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. बघायला जांभळट-तपकिरी, हातात घेतली की कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि बोटं रंगतात.

घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे मुळीच मागा. उत्तरेकडे मोगली एरंडालाही रतनजोत म्हणतात आणि त्याच्या बिया विषारी असतात. समोरच्याने बिया पुढे केल्या तर तसंच परत फिरा. दुसरं, घरी आणल्यावर एक तुकडा गार पाण्यात टाका. खऱ्या रतनजोतीचा रंग पाण्यात जवळजवळ उतरत नाही. पाणी लगेच गुलाबी झालं तर मुळीला वरून रंग चोळलेला आहे असं समजा.

एरंडेल तेल १०० ग्रॅम असेल तर मुळी ५ ते १० ग्रॅम. मुळी उन्हात कडकडीत वाळवून, तुकडे करून तेलात टाकायची. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर तेलाचं भांडं ठेवायचं आणि अर्धा-पाऊण तास मंद आचेवर राहू द्यायचं. तेल उकळू द्यायचं नाही. दुहेरी मलमलीतून गाळा, रात्रभर स्थिर ठेवा आणि वरचं तेल अलगद दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या. तळाचा गाळ ओठांवर खरखरतो, त्याचा लोभ नको. बाटलीत हे तेल जवळजवळ काळं दिसतं, ओठांवर मात्र पातळ द्राक्षासवासारखा रंग देतं.

बाम लाल व्हायच्या ऐवजी जांभळा किंवा निळसर झाला, तर कुठेतरी सोडा किंवा साबण लागलेला आहे. रतनजोतीचा रंग आंबटपणात लाल आणि क्षारात निळा होतो. भांडं सोड्याने घासून नीट विसळलं नसेल तरी एवढा फरक पडतो. अशा वेळी मुळीला किंवा दुकानदाराला दोष देऊ नका.

रतनजोत ज्या कुळातली आहे, त्यातल्या अनेक वनस्पतींत यकृताला अपायकारक अल्कलॉइडं असतात. ओठांवरचं थोडंफार पोटात जातंच. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी मी रतनजोत वापरत नाही. त्यांच्यासाठी शेंदरी. शेंदरीच्या काटेरी बोंडातल्या बिया लोणी-चीजला पिवळा-केशरी रंग द्यायला जगभर वापरतात. चमचाभर बिया ५० ग्रॅम कोमट तेलात घालून चमच्याच्या पाठीने चोळल्या की काही मिनिटांत तेल केशरी होतं. आच वाढली की रंग विटकरी-तपकिरी होतो, तेव्हा घाई करू नका. दोन भाग रतनजोतीचं तेल आणि एक भाग शेंदरीचं, हे मिश्रण आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या रंगाला नुसत्या रतनजोतीपेक्षा जास्त शोभतं, असं माझं मत. नुसती शेंदरी ओठ पिवळे दाखवते.

‘रंग तरी फिकाच येतो.’ येणारच. तेलात विरघळलेला रंग पारदर्शक असतो, खालचा ओठ दिसतो. झाकणारा रंग हवा तर त्यात न विरघळणारी बारीक पूड लागते. इथे लोक गेरूकडे वळतात. कुंड्या रंगवायचा गेरू ओठांना नको. मातीतून निघालेल्या लोहाच्या खनिजाबरोबर दुसरे जड धातू येऊ शकतात. त्यासाठीच प्रसाधनांत वापरायचा लोहाचा रंग कारखान्यात शुद्ध करून बनवलेला असतो. तो हवा तर प्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्याकडून, तशी प्रत लिहिलेलाच घ्या. शेंदूर आणि हिंगूळ यांना तर हातही लावू नका. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. दोन्ही खनिजं निसर्गातलीच आहेत, आणि दोन्ही विषारी. प्रसाधनाला रंग देण्यासाठी शिशाची आणि आर्सेनिकची संयुगं वापरायला आपल्या कायद्यात मनाई आहे.

बिटाला हात न लावताही बुरशी का येते?

ही तक्रार जास्त चिवट. बाई शपथेवर सांगतात की पाण्याचा थेंबही घातला नाही. त्यांचं खरं असतं. पाणी त्यांनी घातलेलं नसतं, मालाबरोबर आलेलं असतं.

पहिला संशय मेणावर. मध विकणाऱ्यांकडून, विशेषतः गावाकडून, जे कच्चं मेण मिळतं त्यात मध, पराग आणि पोळ्याचा कचरा राहिलेला असतो. मध तेलात विरघळत नाही. बाम गार झाला की तळाशी तपकिरी चिकट थेंब दिसतात, आणि पावसाळी हवेत ते आणखी पाणी ओढून घेतात. कच्चं मेण आधी धुवावं लागतं. जुन्या पातेल्यात मेण आणि त्याच्या दुप्पट पाणी, मेण वितळेपर्यंत गरम करायचं, जाड कापडातून गाळायचं आणि न हलवता गार होऊ द्यायचं. वर मेणाची चकती धरते, मध पाण्यात उतरतो. चकतीच्या खालच्या बाजूला राखाडी थर असतो, तो सुरीने खरवडून टाकायचा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा एकदा, गरज पडली तर आणखी एकदा. मग चकतीचे तुकडे करून हवेशीर जागी चांगले वाळवायचे. पातेलं मेणासाठीच कायमचं बाजूला काढा, ते पुन्हा स्वयंपाकाच्या कामाचं राहत नाही.

मेण घेताना कुठून आलं हेही विचारावं. आग्या मोहोळ जाळून काढलेला मध-मेण आणि पेटीत पाळलेल्या सातेरी मधमाश्यांचं मेण यांत माशांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ पासून ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. तिथे आणि आसपासच्या डोंगरात पेट्यांतलं मधमाशीपालन जुनं आहे. पांढरंशुभ्र, बिनवासाचं, मोडल्यावर काचेसारखं तुटणारं ‘मधमाशीचं मेण’ स्वस्तात मिळत असेल तर त्यात पॅराफिन असण्याचीच शक्यता जास्त. खऱ्या मेणाला मधाचा मंद वास असतो आणि हातात धरून ठेवलं की ते मऊ होऊन मळता येतं.

दुसरा संशय कोकमतेलावर. कोकणात घराघरात टाचेच्या भेगांसाठी जे भिरंडेल ठेवतात, तेच हे. पारंपरिक पद्धतीत कोकमाच्या बियांचा गर कुटून पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून हाताने त्याचे गोळे वळतात. म्हणजे त्या गोळ्यात पाणी अडकलेलं असणारच. टाचेला लावताना त्याने काही बिघडत नाही, पण डबीत बंद केलं की बिघडतं. गोळा किसून कोरड्या पातेल्यात अगदी मंद आचेवर ठेवा आणि कान द्या. लोणी कढवताना जसा चुरचुर आवाज थांबला की पाणी संपलं हे कळतं, तसंच इथेही. आवाज थांबला, बुडबुडे थांबले, की गाळून घ्या.

तिसरं, लाकडी घाण्याचं ताजं तेल. मला ते आवडतं, पण त्यात गाळ आणि ओलावा दोन्ही असू शकतात. काही दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेल घ्या.

एवढं सगळं करूनही बुरशी येत असेल तर हातांकडे बघा. उकळत्या पाण्यावरचं भांडं उचलताना त्याच्या बुडाचं पाणी डबीत ठिबकतं; उचलल्याबरोबर बूड पुसायची सवय लावा. बाम कोमट असतानाच झाकण लावलं की झाकणाला आतून घाम फुटतो आणि तो खाली पडतो. ओल्या बोटाने बाम घ्यायची सवय तर घरोघरी. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर बाम करायचाच नाही असं मी ठरवून टाकलंय. वर्षभराचा मे महिन्यात करून ठेवते, तेव्हा डब्या उन्हात मस्त वाळतात.

‘पण मी तर ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातली होती.’ ते बुरशीवर चालत नाही. ई जीवनसत्त्व तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, तेवढंच त्याचं काम. कडुलिंबाचं किंवा लवंगेचं तेलही बुरशी रोखणाऱ्या रसायनाची जागा घेत नाही. उलट लवंग, दालचिनी, पेपरमिंट ओठांना झोंबतात आणि काहींचे ओठ सुजतात. वास खवट येत असेल तर मात्र पाण्याचा नाही, तेलाचा दोष. जवसाचं, अक्रोडाचं, सूर्यफुलाचं तेल हवेत लवकर खवट होतं. एरंडेल आणि खोबरेल बराच काळ टिकतात, तिळाचंही ठीक.

शतधौत घृत बाममध्ये घालणाऱ्यांसाठी एक ओळ: शंभरदा पाण्याने धुतलेल्या तुपात पाणी असतं, ते वेगळं, थोडं आणि फ्रीजमध्ये ठेवून वापरायचं.

उन्हाळ्यात वितळतो, थंडीत दगड होतो

इथे पाणी निर्दोष. हा वजनाचा प्रश्न आहे, आणि ‘दोन चमचे मेण’ हे त्याचं मूळ. पोह्याचा चमचा, चहाचा चमचा, सपाट, शिगोशीग, किसलेलं मेण की तुकडे, प्रत्येकाचे दोन चमचे वेगळे. छोटा वजनकाटा घ्या. तो नसेल तर बाकीचं सगळं वाचून उपयोग नाही.

खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, कोकमतेल ३८ ते ४२, मधमाशीचं मेण ६२ ते ६४. नुसत्या खोबरेल आणि मेणाचा बाम हवामानाप्रमाणे नाचतो, कारण दोघांच्या मध्ये कोणीच नाही. कोकमतेल ती मधली जागा भरतं. शरीराच्या उष्णतेच्या थोडं वर वितळत असल्यामुळे ते ओठांवर मऊ पडतं आणि डबीत घट्ट राहतं. परदेशातून येणाऱ्या शिया बटरपेक्षा ते जास्त घट्ट असतं, आणि आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, गोव्यातून मिळतं. इतक्या लांबून काही मागवायचं कारण मला तरी दिसत नाही.

पुणे-मुंबईच्या हवेला चालणारा माझा ५० ग्रॅमचा घाणा असा: मेण १० ग्रॅम, कोकमतेल १० ग्रॅम, रंग उतरवलेलं एरंडेल १८ ग्रॅम, खोबरेल १२ ग्रॅम. यात दहा-दहा ग्रॅमच्या पाच डब्या भरतात. नागपूर-चंद्रपूरकडे, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे मेण १२ ग्रॅम करा आणि खोबरेल १० वर आणा. सरकवायच्या कांडीसाठी मेण १३ ग्रॅमपर्यंत न्या आणि तेवढंच खोबरेल कमी करा. टोरांटो किंवा लंडनच्या थंडीत राहणाऱ्या मंडळींनी मेण ८ ग्रॅमवर आणावं. आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेला कुठलाही बाम वितळणारच, दुकानातलासुद्धा.

डबीत ओतण्याआधी स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाका, दोन-तीन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि बोटाने दाबा. खळगा न पडता बोट घसरलं तर मेण जास्त, चिखल झाला तर कमी. मिश्रण अजून गरम आहे तोवर दुरुस्ती ग्रामभराची असते.

मधमाशीचं मेण नको असणाऱ्यांनी, म्हणजे जैन आणि वीगन घरांनी, कँडेलिला नावाचं वनस्पतीचं मेण घ्यावं. ते जास्त कडक असतं, मधमाशीच्या मेणाच्या निम्म्याच्या आसपासच पुरतं. तिथे ताटलीची परीक्षा चुकवू नका.

रवाळ झाला तर

तुपाला रवाळ म्हटलं की कौतुक, बामला म्हटलं की तक्रार. कारण एकच. कोकमतेल किंवा कोको बटर सावकाश गार झालं की त्यातला लवकर गोठणारा भाग आधी कण धरतो आणि बाकीचा मागे राहतो. पर्समध्ये रोज थोडा मऊ होऊन पुन्हा गोठणारा बाम त्याच मार्गाने रवाळ होतो. खराब झालेला नसतो. पुन्हा पूर्ण वितळवा, ७० ते ७५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं राहू द्या म्हणजे जुने कण उरत नाहीत, मग ओतून मिश्रण धरायला लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. डब्या उघड्या ठेवू नका, सगळ्या मिळून एका मोठ्या कोरड्या डब्यात बंद करून ठेवा, नाहीतर फ्रीजमधला ओलावा वर बसतो. बाहेर काढल्यावरही मोठा डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही. फ्रीझरमध्ये टाकू नका, मधे खड्डा पडतो आणि चिरा जातात.

वर तेलाचे मण्यांसारखे थेंब दिसले आणि ते पुसल्यावर बाम ठीक असेल, तर तेल थोडं जास्त झालंय किंवा डबी सतत गरम-गार होतेय. पुढच्या घाण्यात मेण ग्रामभर वाढवा.

काजळाबद्दलही याच ओघात विचारतात. दिव्याच्या काजळीचं घरचं काजळ मी कुणाला सुचवत नाही, बाळाच्या डोळ्यांसाठी तर मुळीच नाही. ओठाला चुकलं तर पुसता येतं, डोळ्याचं तसं नाही. चमक हवी म्हणून अभ्रक घालणाऱ्यांनी ते कुठल्या खाणीतून आलं हे विचारावं. झारखंड-बिहारच्या अभ्रक पट्ट्यात मुलांना राबवलं जातं हे वारंवार समोर आलेलं आहे. कोकमतेलाचा बाम तसाही चमकतो. आणि बचत गटातून प्रदर्शनात विकायचा विचार असेल, तर विक्रीसाठी प्रसाधन बनवायला परवाना लागतो. आधी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करा, मग डब्यांची ऑर्डर द्या. घरच्यांना देतानाही कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक-दोन दिवस वाट बघायला सांगा.

बिघडलेल्या डब्यांचं काय करायचं

ठिपके आले असतील, उबट वास येत असेल, तर टाकून द्या. वरचा थर काढून खालचा वापरू नका, वितळवून ‘शुद्ध’ही करू नका. पण ओतू नका हं बेसिनमध्ये. नळीत जाऊन गोठतो आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. रद्दी कागदाने डबी पुसून कागद कचऱ्यात. कोरडं पुसून झाल्यावरच गरम पाण्याने आणि साबणाने डबी धुवा, उन्हात वाळवा, पुन्हा वापरा. दर वेळी नव्या प्लॅस्टिकच्या डब्या मागवायच्या असतील तर घरी करण्यातला अर्धा अर्थ गेला.

बुरशी नसेल, फक्त बिटाचं पाणी तळाशी बसलं असेल, तर माल वाचतो. सगळ्या डब्या एका उंच, अरुंद भांड्यात रिकाम्या करून वितळवा. ढवळू नका. भांडं रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी वरची चकती सुरीने कडेकडेने सोडवून उचला, खालचं लाल पाणी फेकून द्या, चकतीचं बूड खरवडा आणि कोरड्या फडक्याने टिपा. तुकडे करून मंद आचेवर वितळवा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. आता मिश्रणाचं वजन करा आणि ५० ग्रॅमला १० ग्रॅम या हिशोबाने रतनजोतीचं एरंडेल घाला. तेल वाढल्यामुळे बाम मऊ पडेल, म्हणून २ ग्रॅम मेणही. ताटलीवर थेंब टाकून बघा, जमलं की डब्या भरा. कोमट असेपर्यंत झाकण लावू नका.